‘गनिमी कावा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : टायलर वॉरन आणि तथाकथित सर्कस

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या पेन स्टेट विद्यापीठाच्या टायलर वॉरनवर मी लिहिलं, त्यावर ‘गनिमी कावा’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली. खालच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून ते इथे स्वतंत्र लिहितोय. ज्यांनी मूळ भांडण वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझं म्हणणं होतं की 2024 च्या मोसमात पेन स्टेटने आपल्या टाइट एंडच्या (लाइनच्या टोकाला राहून समोरच्याला अडवणारा आणि पासही घेणारा खेळाडू), म्हणजे वॉरनच्या, अंगात काय आहे ते ओळखून त्याला वापरलं आणि कॉलेज फुटबॉलमध्ये असं क्वचित होतं. गनिमी काव्यांचं म्हणणं असं : ‘टाइट एंडला सेंटरला उभं करणं ही सर्कस आहे, कोचिंग नाही.’ (सेंटर म्हणजे लाइनच्या मधोमध वाकून चेंडू मागे देणारा; त्या चेंडू देण्याला स्नॅप म्हणतात.) शिवाय 2023 च्या 13 सामन्यांची 2024 च्या 16 सामन्यांशी तुलना करणं ही लबाडी. शिवाय सगळं एकाच्याच झोळीत टाकल्यामुळे बाकीचा पासिंग गेम मेला. नोटर डेमविरुद्ध वाइड रिसीव्हरना (कडेला उभं राहून पास घेणाऱ्यांना) एकही कॅच मिळाला नाही. आणि जाता जाता : ‘गुगलवरचे आकडे बघून लेख पाडण्यापेक्षा कधीतरी एक सामना पूर्ण बघ.’

आधी हे शेवटचंच घेतो. ओळख ना पाळख, आणि थेट अरेतुरे! मतभेद असू द्यात, मला त्याचं वावडं नाही. पण लेख ‘पाडतो’ म्हणजे काय? एकेक प्ले मागे-पुढे करून, वॉरन लाइनवर कुठे उभा आहे, हात टेकलेला आहे की नाही, स्नॅपआधी सरकला की नाही हे वहीत टिपून मग मी दोन ओळी लिहितो. हे कुणाला दिसत नाही, दिसावं अशी अपेक्षाही नाही. पण आडनावाचा पत्ता नसलेल्या माणसाने ‘सामना बघ’ म्हणून शिकवावं, हे जरा जास्त होतं.

विषय निघालाच आहे तर सांगतो. मी 2015 ते 2017 स्टेट कॉलेजला, म्हणजे पेन स्टेटच्या गावी, शिकायला होतो. 22 ऑक्टोबर 2016 च्या रात्री मार्कस ॲलनने ओहायो स्टेटची फील्ड गोलची किक अडवली, ग्रँट हेली तो चेंडू उचलून पळत सुटला आणि पेन स्टेट 24-21 जिंकलं, तेव्हा बीव्हर स्टेडियममधल्या त्या लाखावर पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांत मीही होतो. घसा पुढचे कितीतरी दिवस बसलेला होता. गुगलवर नव्हतो.

आणि टाइट एंडकडे बघायला मी तिथेच शिकलो. माझा रूम पार्टनर ओहायोतल्या एका खेड्यातला, शाळेत ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्यांच्या रांगेत, खेळलेला. तो म्हणायचा, चेंडूकडे बघू नकोस, 88 नंबरकडे बघ. 88 म्हणजे माइक गेसिकी. हात जमिनीवर टेकवून टॅकलच्या (लाइनवरच्या अडवणाऱ्याच्या) शेजारी बसला की समोरचा डिफेन्सिव्ह एंड त्याला कित्येकदा सहज बाजूला सारायचा. तोच गेसिकी लाइनपासून चार पावलं लांब, सरळ उभा राहिला की चित्र पालटायचं. शाळेत बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळलेला गडी. चेंडू नुसता वर टाकायचा, बाकी तो बघून घेणार. 2017 मध्ये 9 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) केले त्याने. ‘टाइट एंड आहेस ना, मग ब्लॉकच कर’ म्हणून त्याला दिवसभर लाइनवर राबवलं असतं तर हाती काय लागलं असतं? हे मी स्टँडमध्ये बसून पाहिलंय, हायलाइट्समध्ये नाही.

आता सर्कस.

12 ऑक्टोबर 2024, लॉस एंजेलिसचं कोलिझियम, समोर यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ. मध्यंतराला पेन स्टेट 6-20 असं मागे. नंतर एका प्लेला अख्खी ऑफेन्सिव्ह लाइन एका बाजूला सरकलेली, आणि चेंडूवर वाकलेला माणूस कोण? 44 नंबर, वॉरन. त्याने चेंडू मागे दिला आणि धावत सुटला. शेवटी क्वार्टरबॅक ड्रू ॲलरने पास टाकला तो यालाच. बचावपटू अंगाला चिकटलेला असताना त्याने तो पकडला. 32 यार्ड, टचडाउन.

तुम्हाला ही गंमतजंमत वाटली. नियम बघू या. स्नॅपच्या वेळी लाइनवर उभ्या असलेल्यांपैकी फक्त दोन टोकांच्या खेळाडूंना पास घेता येतो, आणि 50 ते 79 या आकड्यांची जर्सी घातलेल्यांना टोकावर असूनही घेता येत नाही. नेहमीचा सेंटर मधोमध असतो आणि त्याचा आकडाही त्यातलाच असतो, म्हणून बचावातलं कुणी त्याच्या मागे लागत नाही. इथे बाकीची लाइन एका बाजूला गेल्यामुळे चेंडू देणारा आपोआप टोकाचा झाला, आणि त्याच्या पाठीवर 44. म्हणजे सगळं नियमात. समोरच्या बचावाला काही सेकंदांत जे हिशेब करायचे सवयीचे असतात, ते एकदम उलटेपालटे झाले.

पण ही चाल चालली ती केवळ नियमातल्या फटीमुळे नाही, आणि माझ्या मूळ लेखाचा मुद्दा हाच होता, जो तुम्ही वाचलेला दिसत नाही. तिथे दुसरा कुणी असता तर चाललं असतं का? वॉरन साडेसहा फुटांचा, 115 किलोंच्या आसपासचा. स्नॅप देऊन लगेच वेग पकडणारा, अंगावर माणूस असताना चेंडू न सोडणारा. व्हर्जिनियात शाळेत असताना तो क्वार्टरबॅक होता, हे विसरू नका. बचाव कुठे उघडा पडतोय हे पास टाकणाऱ्याच्या डोळ्यांनी बघायची सवय त्याला तेव्हापासूनची. म्हणून तर तेव्हा पेन स्टेटचं आक्रमण आखणाऱ्या अँडी कोटेलनिकींनी मोसमभर त्याच्या हाती थेट स्नॅपही दिला : धावून 218 यार्ड आणि 4 टचडाउन, शिवाय एक टचडाउन पास त्याने स्वतः फेकला. टाइट एंडने! आणि हात टेकवून लाइनवर बसायची वेळ आली तेव्हा तेही काम केलं. चेंडू घेऊन धावणारे सिंगलटन आणि केट्रॉन ॲलन दोघेही त्या मोसमात हजार यार्डांपलीकडे गेले, ते काय समोर अडवायला कुणी नव्हतं म्हणून?

त्या यूएससी सामन्यात वॉरनने 17 कॅच घेतले, 224 यार्ड. एका सामन्यात टाइट एंडने घेतलेल्या कॅचच्या विक्रमाची बरोबरी. पेन स्टेट ओव्हरटाइममध्ये 33-30 जिंकलं. आता सर्कशीचा कॅच एक. उरलेले 16 कुठून आले, साहेब? बहुतेक साधेसुधे होते. झोनमधल्या रिकाम्या जागेत जाऊन थांबायचं, चेंडू घ्यायचा, वळायचं आणि पहिल्या माणसाला अंगावर घेऊनच पुढचे चार यार्ड काढायचे. त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. सामना पूर्ण बघितला असता तर लिहिलं असतंत, असं म्हणायचा मोह होतोय, पण राहू दे.

मी स्वतः कॉलेजात कबड्डी खेळलोय, डावा कोपरा. उंच होतो, लांब पायांचा, चढाईला गेलो की बोनस हमखास. आमच्या मास्तरांचं मात्र ठरलेलं : कोपऱ्याने पकड करायची, चढाई चढाईवाल्यांनी. एका सामन्यात आमचे दोन चढाईपटू बाहेर बसलेले असताना नाइलाजाने मला पाठवलं, गुण आणला, तर विश्रांतीत ओरडा खाल्ला. ‘ही काय नाटकं’ म्हणाले. तुमचं ‘सर्कस’ वाचलं आणि तोच आवाज कानात आला. ज्याचं जे काम ठरलंय तेच त्याने करावं, हे म्हणायला सोपं आहे. समोर उभा असलेला माणूस काय काय करू शकतो हे शोधायला मेहनत लागते.

आणि एक राहवत नाही म्हणून. नाव ‘गनिमी कावा’ घ्यायचं आणि राग मात्र हुलकावणीचा करायचा, हे कसं जमवता?

13 आणि 16 सामन्यांचा मुद्दा मान्य. घ्या, सामन्यागणिक बघू : 2023 मध्ये 34 कॅच, म्हणजे सामन्यामागे साधारण 2.6, 2024 मध्ये 104 कॅच, म्हणजे 6.5. लबाडी काढून टाकली तरी अडीचपट उरतेच. पेन स्टेटचाच दुसरा टाइट एंड थिओ जॉन्सन एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) गेल्यामुळे वॉरनच्या वाट्याला जास्त आलं, हेही खरं आहे. ते तुम्हाला सुचलं नाही, तुमच्या वतीने मीच लिहितो.

नोटर डेमबद्दल : हो, 9 जानेवारी 2025 ला वाइड रिसीव्हरना एकही कॅच मिळाला नाही आणि सामना 24-27 असा गेला. तो वाइड रिसीव्हरच्या भरतीचा प्रश्न आहे, वॉरनचा नाही. त्यावर सवड मिळाली तर वेगळं लिहीन.

बाकी, कॉलेजमधल्या सर्वोत्तम टाइट एंडचा मॅकी पुरस्कार त्याला देणाऱ्यांना आणि एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) 14 व्या क्रमांकाला त्याला उचलणाऱ्या कोल्ट्सना हा खेळ तुमच्याइतका कळत नसावा. त्यांनाही ‘सामना पूर्ण बघ’ म्हणून एक पत्र टाका.

प्रतिक्रिया यापुढेही खुल्या आहेत. तुमची दुसरी प्रतिक्रिया, जिच्यात नुसते हसरे चेहरे होते, ती मात्र मी प्रसिद्ध केलेली नाही.