पालक ओठ हलवतात

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या अर्जावरील ‘शेरा’ या रकान्यात परीक्षक बाईंनी हिरव्या शाईने लिहिलेले तीन शब्द मी टेबलाच्या अलीकडून, म्हणजे उलटे, वाचले : ‘पालक ओठ हलवतात.’ मुलीच्या सुराविषयी, तालाविषयी, उच्चारांविषयी त्या रकान्यात एक अक्षर नव्हते.

रत्नागिरीत सुट्टीतील बालसंगीतनाट्य शिबिरासाठी निवड होती. नाव व वय सांगायचे, पट्टी, म्हणजे पेटीची कोणती काळी किंवा पांढरी पट्टी ‘सा’ धरून गाणार ते, सांगायची, पदाचे धृपद आणि एक अंतरा म्हणायचा, चार ओळींचा संवाद बोलायचा. सारे मिळून दीड मिनिट. शेजारच्या सिंधुदुर्गात दशावतारी मंडळी लिखित संहितेवाचून रात्रभर बोलत उभी राहतात, येथे मात्र चार ओळींसाठी दोन फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स लागली. या दीड मिनिटाकरिता मी दीड महिना घरात आणीबाणी पुकारली होती. थंड पाणी बंद, लोणचे बंद आणि घसा बसू नये म्हणून आंबा बंद. माजघरात हापूसची आढी घातलेली, घरभर तिचा वास, आणि पोर ज्येष्ठमधाची काडी चघळत फोनवरील तानपुऱ्यासमोर बसलेली, असे ते दृश्य होते. ते आता आठवले की मला माझीच थोडी भीती वाटते.

आमचा क्रमांक एकोणतिसावा होता. व्हरांड्यात एकच पंखा होता आणि त्याच्या बरोबर खाली, शाळेच्या एकुलत्या एक हाताच्या खुर्चीवर, मांडीवर छत्री आडवी धरून एक आजोबा बसले होते. ज्या गावात राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग वर्षानुवर्षे झाले, तेथे दर ओटीवर एक परीक्षक बसलेला असतो हे ठाऊक असूनही मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

“पट्टी कुठली?” त्यांनी विचारले.

“काळी चार.”

“कोणी सांगितलं?”

“फोनवर तपासली.”

शिळा बांगडा पुढे करावा आणि समोरच्याने त्याच्याकडे पाहावे, तसे त्यांनी माझ्या फोनकडे पाहिले. “किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल उभं केलं, ते फोनवर तपासून काय?”

याला उत्तर नव्हते. माझ्यापुरता निकाल लावून ते मुलीकडे वळले. “बाळ, आंबे खाल्लेस की नाही यंदा?”

“बाबा देत नाहीत,” एरवी संवादाची चौथी ओळ हटकून विसरणारी माझी कन्या खणखणीत आवाजात म्हणाली.

आजोबांनी छत्री जमिनीवर आपटली. “ऐकलंत काय हो? मे महिन्यात, रत्नागिरीत, पोरीला आंबा नाही!” व्हरांड्यातील सत्तावीस-अठ्ठावीस पालक माझ्याकडे वळले. त्यांतील एका बाईंच्या मुलाच्या हनुवटीवर तर रस वाळलेला मला स्पष्ट दिसत होता, पण ती वेळ पुरावा मांडण्याची नव्हती. विषय बदलावा म्हणून मी विचारले, “आपलं नातवंड कितव्या नंबरावर?”

“नातवंडं मुंबईला. आमच्या आळीतली लाईट सकाळपासून नाही. इथं पंखा आहे.” आणि मग, माझ्या मुलीकडे पाहत, उदार मनाने : “एखादं पोर बरं गातंही.”

आत गेल्यावर पेटीवाल्यांनी काळी चार हे शब्द ऐकले, मान डोलावली आणि पांढरी चार धरली, कारण सकाळपासून सगळी मुले त्याच पट्टीत गात होती. योगायोग असा की त्यांतील निम्मी मुले परीक्षक बाईंच्याच क्लासातील होती आणि त्या क्लासात पांढरी चारच शिकवतात. हा योगायोग मला आजही गिळवत नाही. तीन पट्ट्या खाली उतरल्यावर माझ्या मुलीला खालचा पंचम सापडेना. ती त्याला शोधत माझ्याकडे पाहू लागली आणि दाराशी उभ्या असलेल्या मी ओठ हलवले. कोणत्या बापाने हलवले नसते? दुसऱ्याच क्षणी ती संवादाची चौथी ओळ विसरली. तीही मी हलवली. मागे वळून पाहिले, तर आजोबा दारातून आत डोकावून माझ्याकडे पाहत होते आणि त्यांचेही ओठ हलत होते, पण ते माझी नक्कल करत होते.

रात्री व्हॉट्सॲपवर यादी आली. मुलीची समूहात निवड झाली होती. आमच्या घरात त्या रात्री अकरा वाजता आढी फोडण्यात आली आणि एका बैठकीत सहा आंबे संपले. यादीखाली जाड अक्षरांत एक सूचनाही होती : पालकांनी तालमीच्या वेळी फाटकाबाहेर थांबावे. ती कोणाला उद्देशून आहे हे लिहिलेले नव्हते, इतकाच काय तो सभ्यपणा.

परवा पहिली तालीम झाली. दुपारी तीनच्या उन्हात मी फाटकाबाहेर, स्कूटरच्या तापलेल्या सीटवर रुमाल टाकून बसलो होतो. गजांतून सभागृहाचे दार दिसत होते. आत पेटी लागली होती, पट्टी अर्थातच पांढरी चार, आणि पंख्याखालच्या खुर्चीवर, छत्री मांडीवर आडवी धरून, आजोबा मान हलवत ठेका देत बसले होते.