अर्ध्या किमतीचा बंपर

विमा कंपनीचा प्लॅस्टिकवर काडीचा विश्वास नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. पत्रा रीतसर म्हातारा होतो. पहिले सहा महिने घसारा (म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून क्लेममधून कापायची रक्कम) शून्य, गाडी दोन वर्षांची झाली की १५ टक्के, पाच वर्षं उलटली की ४०. काच तर चिरतरुण, तिला घसारा नाहीच. रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिक मात्र शोरूमच्या गेटातून बाहेर पडतानाच अर्धं संपलेलं असतं, पहिल्या दिवसापासून सरसकट ५० टक्के. आणि हल्लीच्या गाड्यांचं अख्खं तोंडच प्लॅस्टिकचं!

समजा, अडीच वर्षांची, बाराशे सीसीची गाडी सिग्नलला पुढच्या टेम्पोला भिडली. बंपर आठ हजार, पत्र्याचा फेंडर चार, रंगकाम आठ. मजुरी तूर्त बाजूला ठेवू. बंपरचे चार हजार आपले. फेंडरचे सहाशे आपले. रंगाच्या बिलातला पाव हिस्सा ‘मटेरियल’ धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणजे आणखी एक हजार. वर प्रत्येक क्लेममध्ये आपणच भरायचे सक्तीचे एक हजार, ज्याला गॅरेजात ‘फाइल चार्ज’ म्हणतात. वीस हजारांत साडेसहा हजारांच्या वर आपले गेले, शिवाय क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात साठवलेली सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, पुढच्या वर्षी शून्यावर. घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ कव्हर घेतलेलं असेल, तर यातला घसारा वाचतो. नसेल, तर आपणच हळूच डेंटरच्या कानात सांगतो, “लोकल टाका ना,” म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, स्वस्तातला पार्ट.

अमेरिकेत ग्राहकांच्या गाड्यांना असेच लोकल पार्ट लावल्यावरून एका बड्या विमा कंपनीला १९९९ साली एक अब्ज डॉलरहून जास्त दंड-भरपाईचा निकाल ऐकावा लागला होता. २००५ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तिथले लोक बंपरसाठी कोर्टात जातात, आपण पुण्यातल्या नाना पेठेत, स्पेअर पार्टांच्या बाजारात जातो.

नाना पेठेबद्दल मला आदर आहे. दिवे बनवणाऱ्या कारखान्याचा माल त्याच्याच नावाच्या खोक्यात मिळाला, तर बिनधास्त घ्यावा. गाडीच्या कंपनीच्या खोक्यात पुष्कळदा तोच असतो, फक्त खोकं महाग. पण बिनानावाच्या बंपरची गंमत निराळी. ओरिजिनल उलटा केला, की आत ‘पीपी ईपीडीएम’ अशी प्लॅस्टिकची जात सांगणारी साच्यातली अक्षरं दिसतात, पार्ट नंबर दिसतो, तो कधी बनला ते बाणाने दाखवणारं महिन्यांचं चिमुकलं घड्याळही सापडतं. बिनानावाच्याच्या आत बऱ्याचदा नुसती शांतता असते. क्लिपांची भोकं दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे, म्हणून डेंटर गुडघा लावून तो बसवतो आणि महिन्याभरात फेंडरपाशी बोट जाईल एवढी फट पडते. त्यात प्लॅस्टिक प्रायमर न मारता रंग दिला असेल, तर पहिल्याच प्रेशर वॉशिंगला रंगाचे पापुद्रे! म्हणून आधी कोरा बंपर गाडीवर लावून बघायला सांगावं, रंग मग. डेंटर तोंड वाकडं करील, करू द्यावं.

बॉनेटच्या बाबतीत मात्र मी कंजुषी करू देत नाही. त्याच्या आतल्या पत्र्यात मुद्दाम कमजोर ठेवलेल्या जागा असतात. धडकेत तो तिथे तंबूसारखा मधोमध दुमडतो. नकली बॉनेटला दुमडायचं कुठे हे कोणी शिकवलेलं असेलच असं नाही, आणि न दुमडलेलं बॉनेट सरळ काचेकडे निघतं.

नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते त्या सर्व्हेअरचा प्रश्न ठरलेला: “रिपेअर की रिप्लेस?” हेडलॅम्पचा एक कान तुटलेला असतो. आपण म्हणतो बदला, तो म्हणतो चिकटवा. चिकटवलेला कान खड्ड्यात हलतो, आणि रात्री आपला दिवा समोरच्या झाडावरच्या घुबडाची चौकशी करत फिरतो. तेव्हा वाद घालायचा तो सर्व्हेच्या वेळीच, आणि इस्टिमेटमध्ये प्रत्येक पार्टापुढे नंबर लिहून घ्यायचा.

एवढं सगळं जमलं, की शेवटच्या बिलात आठ क्लिपा, चार स्क्रू आणि कूलंट वेगळे उभे असतात. हे ‘कन्झ्युमेबल्स’, वेगळं कव्हर नसेल तर मिळत नाहीत. बंपर मंजूर, तो गाडीला धरून ठेवणाऱ्या क्लिपा नामंजूर. पॉलिसीच्या हिशेबाने बंपर हवेत तरंगतो.