लाय डिटेक्टर खोटं पकडत नाही, धडधड मोजतो

कुठलीही मोठी केस गाजायला लागली की एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: "तोंड खोटं बोलतं, शरीर बोलत नाही. पॉलिग्राफला बसवा, दोन तासांत सत्य बाहेर. यातून कोणी सुटत नाही. निर्दोष माणसाला घाबरायचं कारण नाही, आणि जो टेस्टला नाही म्हणतो तोच गुन्हेगार." चांगली शिकली-सवरलेली माणसंही हा मेसेज पुढे ढकलतात म्हणून एकेक मुद्दा घेतो.

शरीर खोटं बोलत नाही म्हणे. अहो, पण ते खरंही बोलत नाही, ते फक्त उत्तेजित होतं! पॉलिग्राफ, म्हणजेच लाय डिटेक्टरच्या टेस्टमध्ये छातीला आणि पोटाला श्वास मोजायचे पट्टे, दंडाला बीपीचा पट्टा आणि बोटांना सेन्सर लावतात. बोटांचंच बघा. तळहातावर आणि बोटांवर घामाच्या ग्रंथी दाटीने असतात, आणि त्यांचा कंट्रोल आपल्या हातात नसतो, तो सिम्पथेटिक मज्जासंस्थेकडे, म्हणजे ताण आला की शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या नसांकडे असतो. प्रश्न कानावर पडला की एक ते तीन सेकंदांत घाम किंचित वाढतो, त्वचेतून वीज जरा सहज वाहते आणि आलेख वर जातो. पण मागे दार आपटलं तरी तो वर जातो, खोकला आला तरी जातो, नुसता खोल श्वास घेतला तरी जातो. भीती, राग, लाज, दचकणं, सगळ्याला तीच रेघ. खोटं बोलण्याची म्हणून वेगळी अशी शारीरिक खूण आजवर कोणाला सापडलेली नाही.

मग खोटं ठरवतात कसं, तर तुलना करून. "तू तिला मारलंस का?" हा मुद्द्याचा प्रश्न आणि "आयुष्यात कधी कोणाला इजा केलीस का?" हा मुद्दाम मोघम प्रश्न. निर्दोष माणूस मोघम प्रश्नाला जास्त अस्वस्थ होईल, कारण त्याला ठामपणे 'नाही' म्हणणं कोणालाच जड जातं, आणि गुन्हेगार मुद्द्याच्या प्रश्नाला, असं धरून चालतात. आता विचार करा, ज्याच्या बायकोचा खून झालाय आणि संशय त्याच्यावरच आहे, त्याला कुठला प्रश्न जास्त लागेल? मला तर हे गृहीतकच क्रूर वाटतं.

कोणी सुटत नाही? सीआयए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेचा अधिकारी अल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएत रशियाला गुपितं विकत होता आणि १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळेला पॉलिग्राफ पास झाला, पकडला गेला १९९४ ला. अमेरिकेतला सिरियल किलर गॅरी रिजवे १९८४ मध्ये पास झाला, २००१ मध्ये डीएनएमुळे अटक झाली आणि २००३ मध्ये त्याने ४८ खून कबूल केले. शिवाय मोघम प्रश्नाच्या वेळी जीभ चावली, पायाची बोटं दाबली किंवा मनात उलटे आकडे मोजले तरी आलेख बिघडवता येतो, यावर प्रयोग झालेत.

निर्दोषाला भीती नाही, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने २००३ च्या रिपोर्टमध्ये एक हिशोब मांडलाय. १०,००० कर्मचारी, त्यात १० हेर. टेस्ट बऱ्यापैकी अचूक आहे असं धरलं आणि १० पैकी ८ हेर सापडतील अशी ती लावली, तर त्या आठांबरोबर जवळजवळ १,६०० निर्दोष लोकही नापास होतात. नापासांच्या यादीतून आठ कसे शोधणार? आणि बाकीच्यांच्या नोकरीचं, अब्रूचं काय?

नकार म्हणजे गुन्हा, हे तर कायद्यालाच धरून नाही. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की संमतीशिवाय नार्को (औषध देऊन गुंगीत प्रश्न विचारणं), पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी मोजणं) काहीही करता येणार नाही, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणाला भाग पाडता येत नाही. संमतीही मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवायची, आणि संमतीने टेस्ट झाली तरी नुसता तिचा निकाल पुरावा म्हणून चालत नाही. वकिलाने नको म्हणून सांगितलं आणि अशिलाने ऐकलं, तर त्यात चोरी कसली?

मन आणि शरीराचं हे शास्त्र टाकाऊ आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. डेव्हिड लिकन या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच वेगळी पद्धत मांडली होती, जपानचे पोलीस त्या धर्तीची टेस्ट वापरतातही. त्यात "केलंस का" असं विचारतच नाहीत. हत्यार दोरी होती, सुरी होती, हातोडा होता की दगड, असे पर्याय एकेक करून सांगतात आणि ओळखीच्या पर्यायाला शरीर वेगळं वागतं का ते बघतात. इथे खोटं नाही, आठवण तपासली जाते, आणि निर्दोषाला सगळे पर्याय सारखेच. फक्त एक अट आहे, तो तपशील तपास करणारे आणि गुन्हेगार सोडून कोणालाही माहीत नसावा. आपल्याकडे पंचनाम्याची शाई वाळायच्या आत हत्याराचा फोटो चॅनेलवर आणि ग्रुपवर फिरतो, म्हणजे जी टेस्ट थोडीफार कामाची, ती आपणच फॉरवर्ड करून निकामी करतोय.