चहा-बिस्किटं, सतरा माणसं आणि 'परखड' यांना उत्तर

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या ज्येष्ठांच्या संस्थेवर लिहिलं होतं. तालमीच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, दुपारी चार ते सहा. पेपर, कॅरम, मंगळवारी रक्तदाब तपासणी, गुरुवारी भजन. कुणाचा अर्ज अडला तर भरून द्यायचा, कुणाला सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, जायचं असेल तर केसपेपरच्या रांगेत सोबत उभं राहायचं. त्यावर 'परखड' अशा नावानं एक प्रतिक्रिया आली. उत्तर लिहायला घेतलं आणि ते वाढत गेलं, म्हणून इथं स्वतंत्र टाकतोय. आधी प्रतिक्रिया, जशीच्या तशी:

"लेखकमहाशय, लेख आहे की जाहिरात? चहा-बिस्किटं वाटून म्हातारपण सुसह्य होतं हा भाबडेपणा ब्लॉगवरच शोभतो. पेन्शन, औषधं, सुरक्षित घर हे म्हाताऱ्यांचे हक्क आहेत, आणि अशा संस्था सरकारला आणि पोरांना, दोघांनाही मोकळं सोडतात. तुमच्या फोटोत सतरा माणसं आहेत, त्यात बायका दोन, त्याही चहा देताना. गुडघे दुखणारी बाई जिना चढून वर कशी येणार हे विचारावंसं वाटलं नाही? आणि श्रावणबाळचे पैसे हजार नाहीत, दीड हजार आहेत. लिहिण्याआधी तपासत चला."

खाली हात जोडलेलं एक चित्र आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं दुसरं. दोन्ही एकदम. नमस्कार करायचा की हसायचं, एक काहीतरी ठरवा की.

चूक झाली ती आधी मान्य करतो. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतनाची रक्कम २०२३ साली हजारावरून दीड हजार झाली. मी जुन्या टिपणावरून लिहिलं. दुरुस्त केलंय, आभार. मला चूक कबूल करायला कमीपणा वाटत नाही, हे जुने वाचक जाणतात.

पण 'लेखकमहाशय'? साहेब, मी कोल्हापुरात वाढलोय. इथं रस्त्यात गाठ पडलेला मित्र पहिलं वाक्य शिवीनं सुरू करतो आणि कुणाला काही वाटत नाही, कारण त्यात आपुलकी असते. तुम्ही शिवी दिली असती तरी चाललं असतं. 'महाशय' हा शब्द आमच्याकडं प्रेमानं वापरलेला मी आजवर ऐकला नाही. आमच्या शाळेत एक सर होते, ते छडी उगारण्याआधी 'या महाशय' म्हणायचे. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला तळहात आठवला. मुद्दा बरोबर असला तरी तो सांगायची एक रीत असते. रात्री पावणेबाराला, खोट्या नावानं, कुणाच्या तरी आठ दिवसांच्या मेहनतीवर असं लिहायचं आणि वर 'परखड' म्हणवून घ्यायचं!

आता चहा-बिस्किटं.

पहिली गोष्ट, तिथं बिस्किटं नसतात. निम्म्यांना साखर आहे, म्हणून बिस्किटं केव्हाच बंद झाली. फुटाणे असतात, आणि ज्यांना दात नाहीत त्यांच्यासाठी चहात बुडवायला खारी. चहाच्या दोन किटल्या, एक साखरेची, एक बिनसाखरेची. बिनसाखरेची सहा वाजता निम्मी भरलेली परत जाते हा भाग वेगळा. तुम्ही फोटोतली माणसं मोजलीत, त्यातल्या बायका मोजल्यात. समोरच्या ताटलीत काय आहे तेवढं बघायचं राहिलं.

दुसरी गोष्ट. किटल्यांशेजारी एक लांबट वही असते, तुमच्या नजरेतून सुटली असेल. कप हातात घ्यायच्या आधी प्रत्येकानं त्या तारखेच्या पानावर सही करायची. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या नावापुढं दुसरा कुणीतरी टिंब करतो. पावणेपाचला खजिनदार वहीवरून बोट फिरवतात आणि मोठ्यानं विचारतात, "हे न्हाई आलं व्हय आज?" कुणाला माहीत असलं तर तो सांगतो, लेकीकडं गेलंय, पोट बिघडलंय, वाडीला गेलंय. (पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट झाल्यापासून नृसिंहवाडीच्या वाऱ्या फार वाढल्यात. पौर्णिमेला हॉल ओस असतो.) कुणालाच माहीत नसलं तर ज्याचं घर त्या बाजूला आहे तो जाताना डोकावून येतो. यासाठी अर्ज नाही, ठराव नाही. चहा नसता तर रोज चारला कुणी आलं नसतं, आणि कुणी आलं नसतं तर कोण आलं नाही हे कळलंही नसतं.

हे मला कसं माहीत? सांगतो. सांगणार नव्हतो, पण 'भाबडेपणा' हा शब्द तुम्ही वापरलात.

माझे वडील उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते. एकतीस वर्षं. आई २०१८ साली गेली, त्यानंतर ते घरात एकटे. मी पुण्यात. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शहराचं नळाचं पाणी बंद, बाबांचा फोन बंद. मी पुण्यात टीव्हीसमोर बसून माझंच गाव हेलिकॉप्टरमधून बघत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "वहीतनं नंबर घेतलाय. तुमचे वडील तालमीत वर आहेत. बीपीच्या गोळ्या चार दिवसांच्या आहेत, बघतो पुढचं." एवढंच बोलून फोन ठेवला, कारण त्यांना अजून अकरा जणांच्या घरी फोन करायचे होते. त्या वेळी तो वरचा मजलाच उपयोगाला आला, हेही नोंदवून ठेवा. तुम्हाला जिन्याची फार काळजी आहे म्हणून सांगितलं.

नंतरची गोष्ट २०२२ ची. बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्यात घसरून पडले, सकाळी साताच्या सुमारास. खुब्याचं हाड मोडलं. दार आतून बंद. ओरडून ओरडून आवाज बसला, शेजारचं घर कुलूपबंद होतं. चारला ते हॉलवर गेले नाहीत. कॅरमची पावडर त्यांच्याकडं असायची, त्यामुळं त्यांचं न येणं जरा लवकर कळलं. पाचच्या आत दोघं जण दारात उभे होते. एक एकाहत्तरचा, दुसरा अडुसष्टचा. त्यांनी गल्लीतली पोरं बोलावून दार काढलं.

माझा फोन रविवारी असायचा. त्या दिवशी बुधवार होता.

बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले, त्यातले शेवटचे सात महिने सोडले तर काठी घेऊन हॉलवर जात राहिले. तेव्हा साहेब, चहानं म्हातारपण सुसह्य होतं की नाही याचा अभ्यास कुणी केलाय का मला माहीत नाही, पण आमच्या घरात झालं. तुमच्या घरी म्हातारं माणूस आहे का? असेल तर ते चारला कुठं असतं? हे जरा जास्त झालं, कळतंय मला. पण पुसत नाही. तुम्हीही काही पुसलेलं नाही.

आता हक्कांचं. हक्क मलाही प्रिय आहेत. या गावाला हक्क म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही, १९०२ साली शाहू महाराजांनी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या त्या इथूनच. पण हक्क कागदावर आला म्हणजे हातात आला असं नसतं. बाबांची ईपीएस (भविष्यनिर्वाह निधीकडून मिळणारी) पेन्शन हजाराच्या थोडी वर. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा. एकतीस वर्षं वाळू आणि तापलेला साचा हाताळलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा उरतात का? यंत्रावर अंगठा उमटेना. एका बँकेत त्यांना तीन वेळा परत पाठवलं, चौथ्यांदा तिथला पोरगा म्हणाला, "आजोबा, हात धुऊन या." चेहऱ्यावरून दाखला करायची सोय २०२१ मध्येच सुरू झालेली होती, ती त्या काउंटरवर कुणी सांगितली नाही. सांगितली ती हॉलवर येणाऱ्या एका निवृत्त तलाठ्यानं. स्वतःच्या मोबाईलवर, कॅरमच्या बोर्डाशेजारी, पाच मिनिटांत करून दिली. त्या पाच मिनिटांतली तीन बाबांना 'हलू नका' सांगण्यात गेली.

आणि तुम्ही दीड हजारांचा आकडा दुरुस्त केलात, त्याची अट वाचलीत का? कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात घर चालवणारा माणूस उत्पन्नाचा दाखला काढायला रिक्षाचे पैसे कुठून आणणार, हा प्रश्न हक्कवाल्यांना पडत नाही. हॉलवर पडतो.

सरकारला मोकळं सोडण्याचा मुद्दा मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

'पोरांना मोकळं सोडतात' हे मात्र मी दोनदा वाचलं. हे मला उद्देशून होतं का? तुम्हाला माझ्या घरचं माहीत असायचं कारण नाही, म्हणून नसावं असं धरून चालतो. कायदा मलाही ठाऊक आहे, २००७ चा. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून मिळू शकतो. हॉलवर एका आजोबांना हे सगळं समजावून सांगितलं होतं. फॉर्मही आणून दिला. त्यांनी तो दोन वेळा घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "पोराच्या नावानं कागद करू व्हय मी?" मग डाव मांडायला बसले. तुम्ही यांना काय सांगितलं असतं? परखडपणे सांगा, मला खरंच ऐकायचंय.

जाहिरातीबद्दल: संस्थेनं मला एक पैसा दिलेला नाही. उलट महिन्याची पन्नास रुपये वर्गणी मी बाबांच्या नावानं अजून भरतो.

राहिला बायकांचा आणि जिन्याचा मुद्दा. त्यावर फार लिहीत बसत नाही. बायकांना तिथं कुणी मज्जाव केलेला नाही. गुरुवारी भजनाला पाच-सहा जणी येतात, फोटो मंगळवारचा होता. जागा तालमीनं फुकट दिलीय, आणि फुकटच्या जागेला लिफ्ट नसते. खाली आखाडा आहे, खाली बसता येत नाही. चहा बायकाच का देत होत्या म्हणाल तर त्यांनीच हौसेनं घेतला असेल ते काम, मी विचारलं नाही.

माझी आईसुद्धा हॉलवर जात नसे, पण त्यात संस्थेचा काय दोष? बाबा नुकतेच निवृत्त झालेले, रोज जायचे, सहा वाजता येऊन आज कोण काय म्हणालं ते सगळं सांगायचे, ती भाकरी थापत ऐकायची. तिला सगळ्यांची नावं पाठ होती, कुणाचा मुलगा कुठं, कुणाची सून कशी. एकदा कोजागरीला बाबांच्या आग्रहानं आली होती. गुडघ्यांनी जमेना, म्हणून खाली आखाड्याच्या दाराशी बाकावर बसली, चपलांशेजारी. त्या लोकांनी तिच्यासाठी मसाल्याचं दूध खाली आणून दिलं, आठवणीनं, पहिला पेला तिचा. तास-दीड तास बसली असेल. वरचा हसण्याचा आवाज खाली येत होता. एवढी आपुलकी मी इतर कुठं पाहिली नाही.

असो. तुम्हाला खरंच काही जाणून घ्यायचं असेल तर मंगळवारी चारला या. नाव सांगायची सक्ती नाही, वहीत 'परखड' लिहिलंत तरी चहा मिळेल. दोन्ही किटल्यांतला. दार आतल्या बोळातून आहे. जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत, आणि डावीकडचा कठडा हलतो, उजवीकडचा धरा.