लॉ स्कूल काढू इच्छिणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

अमेरिकेत लॉ स्कूल काढायचं मनात आहे? उत्तम विचार. मेडिकल कॉलेजला हॉस्पिटल लागतं, इंजिनिअरिंगला प्रयोगशाळा लागतात. इथे ग्रंथालय, बाकं आणि विद्यार्थ्याला उभं करून त्याची उलटतपासणी घेणारा एक प्राध्यापक एवढ्यावर भागतं. पहिल्या वर्षाची एक तुकडी ८० जणांची धरा. खासगी लॉ स्कूलची छापील फी वर्षाला ५० हजार डॉलरच्या पुढे असणं आता कुणालाच खटकत नाही. म्हणजे एका तुकडीचे वर्षाला ४० लाख डॉलर झाले. जे.डी. ही वकिलीला लागणारी पदवी तीन वर्षांची, संध्याकाळच्या वर्गांची चार. हिशेब तुम्हीच पुढे करा.

फक्त एक पथ्य पाळा, विद्यापीठाच्या छत्राखाली जाऊ नका. स्वतंत्रच राहा. विद्यापीठ चांगल्या वर्षी तुमच्या उत्पन्नातला वाटा मागतं. वाईट वर्षी तूटही तेच भरून काढतं म्हणा, पण वाईट वर्ष येणार असं धरून कुणी संस्था काढतं का? २०१० साली अमेरिकेत पहिल्या वर्षाला ५२,४८८ विद्यार्थी होते. मंदीत नोकऱ्या गेलेल्या मंडळींनी लॉ स्कूलचा आसरा घेतला होता. २०१५ पर्यंत हाच आकडा ३७ हजारांवर आला. विद्यापीठांतल्या लॉ स्कूलांनी जागा कमी केल्या आणि खोट विद्यापीठाच्या माथी मारली. स्वतंत्र शाळेचं उत्पन्न जवळजवळ सगळं फीमधून येतं, कायम नोकरीतल्या प्राध्यापकांचे पगार आणि इमारतीचे हप्ते मात्र विद्यार्थी घटले म्हणून घटत नाहीत. तुमच्यापुढे एकच मार्ग उरतो. जागा तेवढ्याच ठेवायच्या आणि प्रवेशाची अट खाली आणायची.

हे धोरण माहितीपुस्तिकेत 'संधीची दारं सर्वांना खुली' या शीर्षकाखाली छापायचं. इतिहास असेल तर जरूर वापरा, कारण तो खरोखर चांगला आहे. बोस्टनचं न्यू इंग्लंड लॉ १९०८ मध्ये पोर्शिया लॉ स्कूल या नावानं केवळ स्त्रियांसाठी निघालं. ह्यूस्टनचं साउथ टेक्सास कॉलेज १९२३ मध्ये वायएमसीएच्या आधारानं सुरू झालं. दिवसा नोकरी करून रात्री कायदा शिकणाऱ्यांना दुसरं दार नव्हतं. हे सगळं पान दोनवर घ्या. फीचं कोष्टक पान चाळीसवर.

आता पैसा कुठून येणार ते बघू. विद्यार्थ्याकडे पैसा नसतो हे गृहीत धरा, आणि घाबरू नका. २००६ पासून वॉशिंग्टननं ग्रॅड प्लस नावाची सोय करून ठेवली होती. शाळा जेवढा खर्च ठरवेल तेवढं कर्ज मिळायचं. फी, घरभाडं, जेवण, पुस्तकं सगळं त्यात. कर्जदार पुढे कमावणार किती, हे कुणी विचारत नव्हतं. फी ५० हजार आणि राहणं २५ हजार धरलं तर तीन वर्षांत व्याज सोडून सव्वादोन लाख डॉलर. ते फेडण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची, बुडाले तर नुकसान सरकारचं, आणि तुमची फी सत्राच्या सुरुवातीला खात्यात जमा. धंद्याची इतकी सुरक्षित रचना दुसरीकडे सापडणं कठीण.

दुर्दैवानं २०२५ च्या कायद्यानं यात खोडा घातला. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस बंद. कायद्यासारख्या व्यावसायिक पदवीसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर ही सरकारी कर्जाची मर्यादा. वरची रक्कम खासगी बँकेकडून आणायची, आणि बँक जामीनदार मागते. उद्या ती 'या शाळेतले किती जण वकील होतात' असंही विचारू शकेल. इतका खासगी प्रश्न आजवर सरकारनं कधी विचारला नव्हता.

प्रवेशाकडे या. एलसॅट या प्रवेश परीक्षेचे गुण १२० ते १८० असतात. मान्यता देणारी अमेरिकन बार असोसिएशन दरवर्षी मानक ५०९ खाली तुमच्याकडून आकडे जाहीर करून घेते: मधला विद्यार्थी कितीचा, खालच्या आणि वरच्या चतुर्थांशाच्या रेषेवरचे कितीचे. तळाचा कितीचा आहे हे कुणी विचारत नाही. त्यामुळे २४० जणांच्या वर्गात १२० व्या क्रमांकाचा विद्यार्थी हा तुमचा खरा जावई. मध्यरेषेच्या एक गुण वर असणाऱ्याला निम्मी फी माफ करा, दोन गुण वर असेल तर पाऊण करा. रेषेच्या खाली कितीही खोल गेलात तरी मध्यगा हलत नाही. तळाचे हे लोक पूर्ण फी भरतात आणि त्यांच्या कर्जातून वरच्यांची माफी निघते. ज्याला पुढे नोकरी मिळण्याची शक्यता सर्वांत कमी, त्यानं सर्वांत जास्त भरायचं, अशी ही समाजव्यवस्था आहे. दुसऱ्या वर्षी बदली होऊन येणाऱ्यांचे एलसॅट या आकड्यांत धरतच नाहीत, हेही लक्षात असू द्या.

पण माफी म्हणजे कायमची माफी असा समज करून देऊ नका. म्हणजे समज करून द्या, फक्त कागदावर तसं लिहू नका. शिष्यवृत्तीला अट जोडा: ४ पैकी ३.० सरासरी राखली तरच पुढच्या वर्षी मिळेल. बावीस वर्षांच्या मुलाला हे क्षुल्लक वाटतं. आयुष्यभर तो ३.५ च्या खाली आलेला नसतो. त्याला ठाऊक नसतं की लॉ स्कूलमध्ये गुण वक्ररेषेवर दिले जातात, म्हणजे कुठल्या श्रेणीत किती जण हे आधीच ठरलेलं असतं, आणि ती रेषा तुम्हीच आखता. १०० पैकी ७० जणांना सशर्त शिष्यवृत्ती द्या आणि वक्ररेषा अशी ठेवा की ३.० च्या वर ३३ जणच राहतील. मग सगळे रात्रंदिवस अभ्यासाला बसले तरी किमान ३७ जणांची शिष्यवृत्ती जाणारच. ते आळशी असतील म्हणून नव्हे, वजाबाकी तशी आहे म्हणून. शिष्यवृत्तीवाल्या सगळ्यांना एकाच तुकडीत घातलं तर गळती आणखी सोपी होते. दुसऱ्या वर्षी शाळा सोडावी तर पहिल्या वर्षाचं कर्ज बोकांडी, म्हणून ते पूर्ण फी भरून थांबतात. किती शिष्यवृत्त्या कमी केल्या वा काढून घेतल्या, हेही हल्ली ५०९ च्या पत्रकात जाहीर करावं लागतं. ते पत्रक प्रवेश घेण्याआधी उघडणारे अर्जदार थोडे. उघडलंच कुणी, तर त्याला दूरध्वनी करून माफी थोडी वाढवून द्या. बहुतेक शाळा मागितल्यावर वाढवतात. न मागणाऱ्याला कशाला सांगायचं?

वर्गातले पहिले दहा-वीस मात्र दगा देतात. पहिल्या वर्षाचे गुण हातात पडले की ते वरच्या शाळेत बदली मागतात. तुमच्या कष्टानं घडलेला माणूस वकिलीच्या परवान्याची बार परीक्षा पास होतो दुसऱ्याच्या नावावर. त्यावर पक्का इलाज नाही. उलट्या टोकाचे कच्चे विद्यार्थी मात्र तुमच्याच ताब्यात राहतात, आणि तिथे दोन नियमांच्या मधून वाट काढावी लागते. मानक ५०१ प्रमाणे बदली सोडून गळती २० टक्क्यांवर गेली की तुम्ही अपात्र लोकांना प्रवेश दिलात असं गृहीत धरलं जातं, आणि ते खोडून काढणं तुमच्या अंगावर पडतं. मानक ३१६ प्रमाणे, पदवीपासून दोन वर्षांत बार परीक्षेला बसलेल्यांपैकी ७५ टक्के पास झालेच पाहिजेत. २०१९ च्या आधी पाच वर्षांची मुदत होती, शिवाय राज्याच्या सरासरीशी तुलना करून सुटायचीही सोय होती. ती पळवाट बुजवली.

तेव्हा शंभरातल्या अठरा-एकोणीस जणांना काढायचं, पण पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर, दोन्ही सत्रांची फी जमा झाल्यानंतर. उरलेल्या कच्च्यांना तिसऱ्या वर्षी बार परीक्षेच्या तयारीचा तास सक्तीचा करा. त्याला क्रेडिट द्या, म्हणजे त्याचीही फी लागते. हेच पुन्हा शिकायला ते बाहेरच्या क्लासला पैसे भरतील, तो त्यांचा प्रश्न. आणि नियमातला 'बसलेल्यांपैकी' हा शब्द नीट वाचा. जो बसलाच नाही तो नापासही होत नाही. इन्फिलॉ या साखळीतल्या शाळांमध्ये कच्च्या पदवीधरांना परीक्षा पुढे ढकलण्यासाठी पैसे देऊ केल्याचं छापून आलं होतं. तीन वर्षांची फी घेतल्यावर परीक्षेला बसू नये म्हणून त्यातलेच थोडे परत करायचे. परताव्याचं याहून उदार धोरण कुठल्याही शाळेत नव्हतं.

नोकऱ्यांचा अहवाल पदवीनंतर साधारण दहा महिन्यांनी, १५ मार्चची स्थिती धरून द्यावा लागतो. पूर्वी फार मजा होती. कॉफीच्या दुकानात काम करणाराही 'नोकरीत' धरला जायचा आणि ९० टक्क्यांचा आकडा फलकावर झळकायचा. काही शाळा पदवीधरांना स्वतःच थोड्या महिन्यांसाठी नोकरीवर ठेवून घ्यायच्या. आता पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला किमान ३५ तास, दीर्घकालीन म्हणजे किमान एक वर्ष, शाळेच्या पैशातली नोकरी वेगळ्या रकान्यात, वकिलीचा परवाना लागणारी वेगळ्या. तरीही 'जे.डी.चा फायदा होणारी नोकरी' हा रकाना देवानं शिल्लक ठेवलाय. परवाना लागत नाही पण पदवी उपयोगी पडते, अशी ती नोकरी. विमा कंपनीत दावे तपासायला पदवी उपयोगी पडते की नाही? पडते.

पगाराचे आकडे जाहीर करणं मात्र बार असोसिएशननं सक्तीचं केलेलं नाही. तिथे मन मोकळं करा. अमेरिकेतल्या नव्या वकिलांच्या पगाराच्या आलेखाला दोन उंचवटे असतात. मोठ्या फर्मचा पहिल्या वर्षाचा पगार २०२३ पासून २ लाख २५ हजार डॉलर आहे. दुसरा, बराच रुंद उंचवटा त्याच्या निम्म्याहूनही खाली पसरलेला असतो: छोट्या फर्म, सरकारी वकील, गरिबांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था. तुमचे बहुतेक पदवीधर या दुसऱ्या उंचवट्यावर जातील. पण सरासरी दोघांच्या मधल्या दरीत पडते, जिथे जवळजवळ कुणीच नसतं. सरासरीच सांगा. पगाराच्या प्रश्नावलीला उत्तर न देणाऱ्यांना मोजू नका. कमी पगाराचा माणूस सहसा उत्तर देतच नाही.

कोर्टकचेरीची भीती वाटत असेल तर निकाल वाचा, झोप चांगली लागेल. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी न्यूयॉर्क लॉ स्कूलविरुद्धचा दावा फेटाळताना म्हटलं की लॉ स्कूलचे अर्जदार हे चाणाक्ष ग्राहक असतात. २०१३ मध्ये संघराज्याच्या सहाव्या सर्किट न्यायालयानं मिशिगनच्या कूली लॉ स्कूलबद्दल सांगितलं की 'सर्व पदवीधरांचा सरासरी पगार' हे विधान खरं नव्हतंच, कारण तो सर्वांचा नव्हता. पण त्यावर विसंबून राहणं अवाजवी होतं. २०१६ मध्ये सॅन डिएगोच्या थॉमस जेफरसन लॉ स्कूलविरुद्धचा खटला ज्यूरीपर्यंत पोचला आणि शाळा जिंकली. भावी वकिलांनी वकिली शिकण्याआधीच जाहिरात वकिलासारखी वाचायला हवी, हे यातून निघतं. वाचता आली असती तर तुमच्याकडे आले असते का, हा उपप्रश्न.

मानांकनात खाली असाल तर आपलं मानांकन आपणच काढा. कूलीनं काढलं होतं. ग्रंथालयातल्या खुर्च्या आणि चौरस फूट असले निकषही त्यात धरले, आणि एका वर्षी शाळा हार्वर्डच्या मागोमाग दुसरी आली. त्याच सुमारास कूलीत चार हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. २०१० मध्ये लान्सिंगच्या बेसबॉल मैदानालाही शाळेचं नाव लागलं. पुढे मैदानाचं नाव बदललं आणि ॲन आर्बरचा कॅम्पस बंद झाला, पण खुर्च्या होत्या यात वाद नाही.

इमारत मात्र बेतानं बांधा. थॉमस जेफरसननं कर्जरोखे काढून शहराच्या मध्यात नवी आठमजली इमारत बांधली आणि २०११ मध्ये तिथे बस्तान हलवलं, नेमकं विद्यार्थी घटू लागले तेव्हा. २०१४ मध्ये रोखेधारकांशी तडजोड झाली आणि शाळा स्वतःच्याच इमारतीत भाडेकरू झाली. २०१९ मध्ये बार असोसिएशनची मान्यताही गेली.

मान्यता समितीचं नाराजीचं पत्र आलं तर विद्यार्थ्यांना कळवायचं की नाही, हा नाजूक मुद्दा आहे. इन्फिलॉच्या शार्लट लॉ स्कूलनं तो आपल्या पद्धतीनं सोडवला. शिक्षण खात्याला ते आवडलं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारी कर्ज थांबलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये शाळा बंद पडली. साखळीतली ॲरिझोना समिट २०१८ मध्ये बंद करायचं ठरलं, फ्लोरिडा कोस्टल २०२१ मध्ये. सरकारी कर्ज थांबल्यापासून कुलूप लागेपर्यंत जेमतेम आठ महिने, हा अंदाज हिशेबाला धरून ठेवा.

तोवर एखादं विद्यापीठ शोधा. होय, तेच, ज्याच्या छत्राखाली जायचं नाही म्हटलं होतं. शिकागोच्या जॉन मार्शलला २०१९ मध्ये इलिनॉय विद्यापीठानं सामावून घेतलं. विल्यम मिचेलनं २०१५ मध्ये हॅमलिनच्या लॉ स्कूलशी हातमिळवणी केली. कुणी घेत नसेल तर एक वर्षाची कायद्याची बिगरवकिली मास्टर्स पदवी ऑनलाइन काढा. तिला ना बार परीक्षा, ना ७५ टक्क्यांची अट, आणि तिचे विद्यार्थी जे.डी.च्या आकड्यांत धरले जात नाहीत.

तेही जमलं नाही तर बंद करण्याची योजना मान्यता समितीला सादर करा. विद्यार्थ्यांना दुसऱ्या शाळेत पदवी पूर्ण करू देण्याची व्यवस्था तीत असावी लागते. शाळा बंद पडली की सरकारी कर्ज माफ होऊ शकतं, पण साधारणपणे ज्यानं दुसरीकडे क्रेडिट नेऊन पदवी पूर्ण केली त्याला नाही. जो शिक्षण सोडून घरी बसला, त्याला. यातलं काय निवडावं हे समजावून सांगायला तोवर तुमच्याकडे कुणी नोकरीला उरलेलं नसेल. वेबसाइटवर प्रश्नोत्तरांचं एक पान टाका, आणि डोमेनचे पैसे एक वर्षाचे आगाऊ भरा.