मुलांशी खरं बोला

वडील वारल्यावर मुलांना कसं सांभाळावं यावरच्या लेखातलं ‘लहान मुलं लवकर विसरतात’ हे वाक्य पटलं नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मरण कायमचं असतं हेच अनेकदा नीट कळत नाही. म्हणून ते रडतं, लगेच खेळायला पळतं आणि रात्री पुन्हा विचारतं, ‘बाबा कधी येणार?’ ‘झोपले’ किंवा ‘गावाला गेले’ असं सांगू नका, मग मूल झोपायलाही घाबरू शकतं. ‘बाबा वारले, परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही’ असं सांगा, विचारेल तितक्या वेळा. वर्गशिक्षकांनाही कळवा.

आणि मुलांच्या डोळ्यांदेखत आईच्या बांगड्या फोडणं थांबवा! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये तसा ठराव केला, मग आपल्या नागपूरच्या वस्त्यांत का होऊ नये? नक्की होईल.

एक पालक गेला तरी राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत १८ वर्षांपर्यंत दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, आदेश बालकल्याण समितीचा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. दाखल्यावरचं नाव आधारशी जुळलं नाही की अर्ज अडकतो, म्हणून स्पेलिंग तिथेच तपासा. अडचण आली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.