गुरुवार आला की राउटर गेला

गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाणार, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वीज परत आली की आमचा राउटर सगळं विसरून कोरा! मग राउटरच्या सेटिंगचं पान १९२.१६८.१.१ उघडा, ॲडव्हान्स्डमध्ये शिरा, व्हीपीआय, व्हीसीआय हे ब्रॉडबँड लाइनचे आकडे आणि पीपीपीओई, म्हणजे कंपनीकडे लॉगिन व्हायची सेटिंग, पुन्हा भरा. त्यात एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचं कमाल माप, १५०० बाइटवर जाऊन बसलेलं. अरे बाबा, पीपीपीओई त्यातले ८ बाइट खातं, १४९२ हवं! नाहीतर काही साइट उघडतात, काही नुसत्या गरगरतात. हेल्पलाइनवाला थंडपणे म्हणतो, "सर, एकदा बंद करून चालू करा." अहो, बंद होऊन चालू झाला म्हणूनच तर ही वेळ आलीये! त्यात आईचं सुरू, "हिरवा दिवा तर लागलाय की." लागलाय गं, पण ती नुसती लाइन जुळलीये. लॉगिन व्हायचंय अजून. आणि 'सेव्ह' दाबलं की हा शहाणा पुन्हा रीस्टार्ट!